चहाची अट

बाबा, आज फुलसावंगीहून आले आणि हातपाय न धुताच तुम्हाला लिहायला बसले. आई असती तर ओरडली असती. पण सांगितल्याशिवाय चैनच पडेना. तुम्ही गेलात, पण तुमची ती चहाची अट अजून जिवंत आहे!

आठवतं ना? मी नुकतीच वकील झाले होते, डोक्यात नुसती कलमं. कपाशीचे फार वाईट दिवस होते ते. भाव नाही, पावसाचा भरवसा नाही, दिग्रसच्या जिनिंगपुढच्या चहावाल्यालाही गिऱ्हाईक मिळेना. अशात ती दोघं आपल्या बैठकीत येऊन दोन टोकांना तोंडं फिरवून बसली. म्हातारी आणि तिचा दीर. शेताच्या वाटणीपासून बोलणं बंद. दिराची विहीर एका बाजूला, कपाशी दुसऱ्या बाजूला आणि मधे वहिनीचं वावर. ऐन बोंडं धरायच्या वेळेला पाऊस दडी मारून बसलेला. वहिनीच्या वावरातून पाइप नेता आला नाही, तर कपाशीची पऱ्हाटी उभी वाळणार होती. आपण वकील लोक ज्याला इझमेंट म्हणतो, तो दुसऱ्याच्या जमिनीतून लाइन नेण्याचा हक्क त्याला लिहून हवा होता.

तुम्ही म्हातारीला विचारलं, "बाई, तुमची अट काय?" मला वाटलं, आता पैसे मागेल. ती म्हणाली, "पैसे नाई पाह्यजे मले. पाइप फुटला का हे येतीन, जोडतीन अन् मुक्यानं चालले जातीन. तसं नाई जमत. दुरुस्तीले जो येईन, त्यानं माह्या वावरातल्या कोठ्यात चहा घेतल्याबिगर जायचं नाई. लिवा तसं." मला फिसकन हसू आलं आणि तुम्ही केवढ्यानं डाफरलात! "काहून हासून राह्यली वं? लिही." मी म्हटलं, बाबा, हे कोर्टात टिकणार नाही. "कोर्टात कोनाले न्यायचं आहे? वावरात टिकलं पाह्यजे."

आणि तुमचा तो नेम! दोन्ही पक्षांनी मिळून पाइपाची रेघ आखल्याशिवाय तुम्ही सही होऊ द्यायचा नाहीत. मी रेघ मारायच्या पांढऱ्या फक्कीचं घमेलं घेऊन उन्हात उभी आहे, दोराचं एक टोक म्हातारीच्या हातात, दुसरं दिराच्या. दोर ढिला पडतोय, रेघ वाकडी जातेय, आणि तुम्ही मुद्दाम गप्प. शेवटी दीरच म्हणतो, "वयनी, वढा नं जरासा." "म्याच वढू? तुमच्या हाताले काय झालं?" इतक्या वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं, तेही भांडण! तुम्ही रुमालात तोंड लपवून हसत होतात, मी पाहिलंय.

म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली. वावर आता पुसदकडच्या एका तरुण मास्तरानं घेतलंय. नवा करार करायला त्यानं मला बोलावलं होतं. आम्ही कोठ्यात बोलत होतो, तेवढ्यात तो दीर आला. पार वाकलाय हो. फुटलेला पाइप त्यानं जोडला, हात धुतले आणि येऊन उंबऱ्यावर बसला. उठेचना. मास्तर हळूच म्हणाला, "मॅडम, दर खेपेले असंच. हे चहाचं तेवढं काढून टाका नं." म्हाताऱ्यानं ते ऐकलं. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा वर सारला आणि तुमच्या आवाजात म्हटलं, "नाही निघत. ही अट जमिनीसोबत चालते. मालक कोणीही असो."

मास्तर बिचारा मुकाट्यानं स्टोव्ह पेटवायला गेला. म्हातारा सरसावून बसला आणि म्हणाला, "वयनी साखर लई टाके. तुमी बी टाका जराशीक." मग त्यानं तिच्या अशा काही गमती सांगितल्या की मास्तरही हसून हसून दमला, आणि म्हाताऱ्यासाठी दुसरं आधण त्यानं न सांगता ठेवलं. मला इतका आनंद झाला ना बाबा, की परत येताना एसटीत मी एकटीच हसत होते. बाजूची बाई सरकून बसली.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. कायद्यात असं काही नाही. चहा पाजायची अट नव्या मालकाला बांधत नाही, हे मला तिथं पक्कं माहीत होतं. तरी मी छातीठोक खोटं बोलले, आणि वर दोन कप चहा प्यायले.