वेदीचं सातवं वस्त्र

३ ऑक्टोबर
पोहोचले एकदाची! खोली झकास आहे, चर्चच्या मागच्या अंगाला. चर्चची देखरेख करणारे काका आणि काकू शेजारीच राहतात. माझी बॅग उचलताना काकूंनी विचारलं, सगळी पुस्तकंच आणलीस, कपडे आणायचे विसरलीस की काय! वेदीवर अंथरायची सहा वस्त्रं लगेच पाहून घेतली. लाल काठ, कणसांची नक्षी, आणि उलट्या बाजूला एकही गाठ नाही. जुन्या वहीत पाद्र्यांची नावं आहेत, सुतारांची आहेत, घंटा ओतणाऱ्याचंसुद्धा आहे. विणणाऱ्या मात्र नुसत्या ‘बायका’. मला राग आला. याच बायकांवर लिहायला तर आले आहे मी.

६ ऑक्टोबर
एक विणकरीण सापडली, आणि तीही घरातच: काकूंची आई! ती आता हयात नाही. काकूंनी कुरकुरत माळ्यावरची खोली उघडली. माग जसाच्या तसा उभा आहे, त्यावर सातवं वस्त्र अर्धवट. हात लावू नकोस, असं त्यांनी दोनदा बजावलं.

८ ऑक्टोबर
काकू बाजारात गेल्या होत्या. म्हटलं, काठ कसा वळवलाय ते मागावर बसल्याशिवाय कळायचं नाही. एकदाच धोटा इकडून तिकडे टाकून आडवा धागा ओवणार होते. मान वर केली तेव्हा दुपार सरली होती आणि चार बोटं कापड विणून झालं होतं. मला साधं बटणसुद्धा धड लावता येत नाही.

९ ऑक्टोबर
बोटं स्वस्थ बसत नाहीत. जेवताना चमचा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. काका हसले. काकू ताटावरून उठून गेल्या.

११ ऑक्टोबर
काकूंनी सगळं सांगितलं. आईचे हात असेच चालायचे, झोपेतसुद्धा. तिच्याआधी मावशीचे. बोटं सोलवटली तरी थांबेनात, तेव्हा काकूंनीच आईला खाटेला बांधलं. तीन दिवसांत ती गेली.
“कापड पुरं होऊ दिलं असतं तर सुटली असती गं ती,” एवढंच म्हणाल्या. उद्या पहिल्या गाडीने जा, म्हणून माझ्या विनवण्या केल्या.

१२ ऑक्टोबर
गाडीत बसले होते. खरंच बसले होते, खिडकीशी. मग एकदम हातात धोटा. मधलं काहीच आठवत नाही. कापड वीतभर वाढलंय. बोटांतून रक्त — काठ लालच, त्यात कळूनही येत नाही.

१३ ऑक्टोबर, सकाळ
मीच म्हटलं, बांधा. डावा हात खाटेला. उजवा मोकळा, लिहिण्यापुरता. लिहीत राहिले तर तो जरा —

दुपार
काकू गाठ सोडताहेत. नको म्हणतेय, ऐकत नाहीत. पुन्हा एकीला असं मरू देणार नाही म्हणतात — थोडंच उरलंय, विणून टाक, सुटशील — रडताहेत आणि सोडताहेत — डावा सुटला — पेन ठेव म्हणतात, विणायला दोन्ही हा