वार्निशखालचा केस

रविवार, संध्याकाळी

शेजारचा संपत आज माझी नवी गळाची काठी बघायला आला. तंगूस ओवायच्या कड्या लाल दोऱ्यानं काठीला बांधल्यात, त्यावर बोट फिरवून म्हणाला, "लई बारीक काम केलंयस की." मी नुसता हसलो. सुनीता चहा घेऊन तिथंच उभी होती. कड्या तिनंच बांधल्यात. हुपरीला माहेरी पैंजणं जोडून जोडून तिचा हात बसलाय. मी गुंडाळलेला लाल दोरा दर वेळी सैल पडायचा. बायकोनं बांधल्या म्हणायला जीभ का जड झाली माझी? संपत गेल्यावर दिसलं, दोऱ्यावर वार्निशखाली तिचा लांब केस अडकलाय. संपतनं बघितला असेल? मी नखानं खरवडायला लागलो. मागून सुनीता म्हणाली, "राहू द्या की तेवढा तरी."