माझ्या वाट्याची गुरगुर

प्रिय ताई,

फोनवर तू काम कसं चाललंय विचारतेस आणि मी 'मस्त' म्हणून मोकळा होतो. आज खरं लिहितो.

सकाळी सहाला खुर्चीत बसतो. मेकअपवाले काका तोंडावर रबराचा मुखवटा चिकटवतात. त्यातच चार तास जातात. एकदा चढला की संध्याकाळपर्यंत उतरत नाही. जेवण म्हणजे नळीने ओढायचं सूप. कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसत नाही, समोर बघून घास उतरत नाही म्हणतात. त्यांचं तरी काय चुकलं! गालाला खाज सुटली की खाजवतो, तर बोटांना रबर लागतं. आणि करार तीन वर्षांचा.

तुझ्या कादंबरीत त्या ग्रहावरची माणसंच गोष्ट सांगतात. आकाशातून यानं उतरतात, आलेले लोक नद्यांना नवी नावं देतात आणि म्हातारी आजी जुनी नावं नातीकडून पाठ करून घेते. ते प्रकरण तू मला ओट्याशी उभी राहून वाचून दाखवलं होतंस. दूध उतू गेलं, आईने दोघांनाही झापलं. तरी तू वाचतच होतीस. राक्षस कोण हे नेहमी यानात बसलेलाच का ठरवतो, असं म्हणाली होतीस.

तिच्यावरून काढलेल्या आमच्या मालिकेत गोष्ट यानाचा कप्तान सांगतो. आजी नाही, नात नाही, नद्यांची नावं तर नाहीतच. त्या ग्रहावरचा राक्षस म्हणून मी आहे, पण मला भाषा नाही. गुरगुरायचं आणि दात दाखवायचे. मंगळवारी कप्तानाच्या मुलीला उचलून पळायचं होतं. सहा वर्षांची पोर, खरंच घाबरली. हुंदके थांबेनात. मी हळूच म्हणालो, "अगं, रडू नकोस, मी माणूसच आहे." दिग्दर्शक खेकसले, "तू बोलायचं नाहीस. रडू दे तिला, छान दिसतंय." तेच चित्रण ठेवलं.

हे सगळं मला तिथे गेल्यावर कळलं असं तुला वाटेल. तसं नाही, ताई. तू हक्कांच्या कागदावर सही केलीस, त्याच्या आठवडाभर आधी बदललेली संहिता माझ्याकडे आली होती. मी ती अथपासून इतिपर्यंत वाचली होती. गोष्टीतल्या आपल्या माणसांना धक्का नाही ना लावलाय, असं तू विचारलंस आणि मी बेधडक 'नाही' म्हणालो. अकरा वर्षं दार उघडणारे नोकर करून विटलो होतो; मोठी भूमिका हवी होती, मग ती मुखवट्याखालची का असेना. मला आता सुटता येणार नाही. तुला येईल. तुझ्या करारातलं नववं कलम बघ: येत्या शुक्रवारपर्यंत लेखी कळवलंस, तर त्यांना मालिकेच्या श्रेयनामावलीतून तुझं नाव काढावंच लागेल. सोबत त्या पत्राचा मसुदा लिहून ठेवलाय. भावाने फसवून सही घेतली, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. माझी दया येऊन ते वाक्य खोडू नकोस.

तुझाच,
ढमू