सालोमीचा खांदा

३ जानेवारी १९५४
संकल्प. यंदा फक्त आर्ट. विलायती मासिकात न्यूड स्टडीज पाहिल्या. आमच्या उमेळे गावात उजेड त्याहून चांगला आहे. मॉडेल अर्थात सालोमी. चोवीस वर्षांची, शिवणकाम करते, दोन वर्षं कॅलेंडरांच्या फोटोंसाठी माझ्या कॅमेऱ्यापुढे बसते. उद्याच विचारतो.

१९ जानेवारी
विचारलं. म्हणजे खांद्यापुरतंच विचारलं. तयार झाली, पण बहीण मटिल्डा शेजारी बसून राहिली. खांद्यावर भाजल्याचा पांढरट डाग आहे, लहानपणी नाताळच्या तळणाचं तेल उडालेलं. निगेटिव्हवर चाकूने खरवडून काढला. नेहमीच काढतो.
मला भाऊ म्हणते. इकडे सगळ्यांनाच म्हणतात.

७ फेब्रुवारी
सालोमीला नायगावच्या फेबियनचं स्थळ. बोटीवर नोकरीला. त्याला फोटो पाठवायचाय, रुंद गळ्याच्या फ्रॉकमधला, डाग ठेवून. पुढे फसवलं म्हणायला नको, म्हणाली. मी साफ नाही म्हटलं. मग सुचलं, डाग बघून तो माघार घेईल. लगेच तसा फोटो काढून प्रिंट दिली, न खरवडता. निव्वळ कलेसाठी.

२१ फेब्रुवारी
फेबियनला पसंत. लग्न ईस्टरनंतर. तोवर विचार बदलेल त्याचा.

२५ एप्रिल
चर्चमध्ये तीन रविवार नवरानवरीची नावं पुकारतात. कुणाची हरकत असेल तर सांगायची. मी घेणार. आज बाहेरच उभा होतो, नीट ऐकू आलं नाही.

२ मे
आत गेलो. फादरनी नावं घेतली आणि नेमका खोकला आला. पुढच्या रविवारी नक्की. वाक्यं पाठ आहेत.

९ मे, सकाळ
आज.

९ मे, दुपार
दारातच सालोमी भेटली. लग्नाचे फोटो भाऊनेच काढायचे, असा तिचा हट्ट. हो म्हटलं. तोवर आत पुकारून झालं होतं.

१६ मे
लग्न लागलं. सोळा फोटो काढले. निघताना सालोमी जवळ आली. म्हणाली, "भाऊ, तुम्ही माझे एवढे फोटो काढले, पन माझा एकच आला."
फेबियनला पाठवलेल्या त्या फोटोची निगेटिव्हसुद्धा ती मागून घेऊन गेली.
घरी येऊन बाकीच्या सगळ्या उजेडात धरून पाहिल्या. सुंदर आहेत. प्रदर्शनात लागतील अशा. पण ही बाई कोण, मला सांगता येईना. खूप रडलो. मला सालोमी हवी होती. दोन वर्षं ती माझ्यासमोर बसत होती, आणि मी तिला खरवडत होतो.