एकदा नाही म्हण

कात्सिना, मोहरमची बारावी

लाडक्या तनिमू,

सलाम आणि दुवा. घरी सगळे बरे आहेत. बाजरी कमरेला लागली. इन्ना रोज तुझ्या वाटणीचं झाकून ठेवते आणि सकाळी कोंबड्यांना घालते. आईचं मन, काय बोलणार! तुझी हिंदातू बाळंतपणातून सावरली. मुलगी थेट तुझ्यावर गेलीय. टोप्यांची गिऱ्हाइकं विचारत येतात. तनिमूच्या हातची नक्षी दुसऱ्याला जमत नाही, म्हणतात.

हाताचं लिहायचं नव्हतं. आलंच शेवटी.

काल काझीसाहेबांकडे गेलो. म्हणालो, "मेंढा माझा, चोर माझा सख्खा भाऊ. मी माफ केलं, फिर्याद परत द्या." ते म्हणाले, "मास्तर, माफ घरातच करायचं होतंत. चोरी माझ्या उंबऱ्याशी आली, आता ती तुमची राहिली नाही."

मला वाटलं होतं, चार लोकांत तुझी कानउघाडणी होईल, जरा आत बसशील, अद्दल घडेल. चोरीला हात तोडायची शिक्षा होईल, हे डोक्यातही आलं नाही. हिंदातूच्या दवाखान्यासाठी मेंढा विकलास, हे मागाहून कळलं. "मागितला असता तर दिला असता," असं इन्नाला म्हणालो. ती म्हणाली, "दिला असतास रे, पण आधी तासभर प्रवचन झोडलं असतंस." खोटं नाही.

आणि तू तरी काय! काझीसाहेब बिचारे सुटायची वाट दाखवत होते. "गोठ्याचं दार उघडंच असेल ना?" तर म्हणे, "नाही, मी कुलूप तोडलं." "भावाचाच मेंढा, आपलाच समजून नेला असशील?" "नाही, चोरलाच." अख्खी कचेरी कपाळाला हात लावून बसली.

मी निघालो तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "साक्षीदार कुणी नाही, फक्त त्याची कबुली आहे. ती त्याने स्वतः मागे घेतली तर हात वाचेल. थोडी कैद होईल, तेवढंच." गुरुवारी ते तुला पुन्हा विचारणार आहेत. शेवटचं.

तेव्हा नाही म्हण, तनिमू. एकदाच. लहानपणी खोटं बोललास म्हणून तुझ्या उजव्या तळव्यावर मी छडी मारली होती. त्यानंतर तू कधी खोटं बोलला नाहीस, आणि मी गावभर त्याची फुशारकी मारली. आता त्याच गोष्टीची मला भीती वाटते. ती छडी विसर. मी शिकवलेलं सगळं त्या दिवसापुरतं विसर.

तू खोटं बोलावंस म्हणून पाचही नमाजांत दुवा मागणारा,
तुझा थोरला भाऊ
मुदी मास्तर