ओढ्यात बंद पडलेली गाडी

मस्कत, १४ मार्च १९९१

कुमुदवहिनी,
सा. न.

दादा झोपेत गेला, असं मी पनवेलला फोनवर सांगितलं. ते खोटं होतं.

मी जुनी फोर-व्हील घेत होतो, तेव्हा दादा म्हणाला, "डिझेलचीच घे." मी हट्टाने पेट्रोलची घेतली. त्या शुक्रवारी दोघं डोंगरात गेलो. कोरड्या ओढ्यात अचानक पाणी आलं, पेट्रोल इंजिनाचे प्लग भिजले आणि गाडी मध्येच बंद पडली. दादा ढकलायला उतरला. "निनाद, स्टिअरिंग सोडू नकोस!"

मग मोठा लोंढा आला.

तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता, शेवटी ते काही बोलले का? मला हाका मारत होता, वहिनी. मी स्टिअरिंग सोडलं नाही.

हेही पत्र पेटीत टाकवणार नाही.

तुमचा दीर म्हणवून घ्यायला लायक न उरलेला,
निनाद