पहिल्या दहा मिनिटांचं भेव

४ जानेवारी
पुन्हा हरलो. म्हणजे पोरं हरले. मी कोच आहो, कोच हरत नसते. तिन्ही मॅचमध्ये पहिल्या दहा मिनिटांतच गोल खाल्ला. पगार घेतेत, बूट ब्रँडेड पायजे, अन् शिट्टी वाजली की पाय लटलट. प्रोफेशनल म्हणे! मले जन्मात कधी भेव वाटलं नाही. फक्त मॅचच्या टायमाले पोट बिघडते, ते कामिनीच्या वांग्याच्या भाजीनं. म्हणून सुरुवात तेवढी पाहाले भेटत नाही. बायकोले किती सांगाचं!

५ जानेवारी
क्लबचे मालक मधुकरराव यांनी राइस मिलमध्ये बोलावलं. म्हणाले, रविवारी लाखनीतच नागपूरवाल्यांसंग मॅच आहे, यावेळी सुरुवातीलेच गोल खाल्ला तर प्रविणसर, तुम्ही आपले शाळेत पी.टी. घ्या. धान भरडणारा माणूस मले फुटबॉल शिकवते. संकल्प: रविवारी तुफान स्टार्ट.

६ जानेवारी
गोलकीपर धम्मदीप दर मॅचच्या आधी ओकते. कायले ओकतं बे, विचारलं. म्हणे, ओकलो की हलकं वाटते सर. हे आपलं टॅलेंट! ओकण्यावर बंदी घातली. कॅप्टन संघपाल म्हणे, ओकू द्या ना, मंग तो चांगला खेळते. त्यालेही झापलं.

८ जानेवारी
सापडलं! अड्याळकडे शंकरपट, बैलांची शर्यत, पाहाले गेलो. बैलाची जोडी सुटली, धुराळा बसाच्या आत पार! याले म्हणतेत स्टार्ट. बैलाले भेव नसते. जोडी हाकणारे डोमाकाका म्हणे, कसं नसते, सुटाच्या आधी थरथरतेत, शेण टाकतेत, अन् सुटले की मांगं पाहत नाही. काकाले फुटबॉलमधलं काय समजते? पद्धत तेवढी घेतली. मांगून आवळून धराचं, कानाशी बोंबलाचं, सोडून द्याचं.

१० जानेवारी
प्रॅक्टिस. एकेकाले दोघांनी धरलं, मी बोंबललो. पोरं सुसाट. दात काढून राहिले होते, पण सुसाट. संघपालनं विचारलं, सर, मांगं कोण राहीन? म्हटलं, बैल मांगं राहते का? शिट्टी वाजली की सगळ्यांनी समोर. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. उद्या मधुकररावचं तोंड पाहाचं आहे.

११ जानेवारी
पोट पुन्हा बिघडलं. कामिनी म्हणे, आज वांगं नव्हतं, वरण होतं. मंग वरणानं.

ग्राउंडमागच्या संडासात होतो तर केवढा कल्ला! वाटलं, आपला गोल. बाहेर आलो. नागपूरचा. संघपालनं सांगितलं, शिट्टी वाजताच आपले अकराच्या अकरा सुटले, धम्मदीपही. नागपूरच्या पोरानं सगळ्यांच्या डोक्यावरून बॉल मारला, रिकाम्या जाळीत. त्यांचे पोरं हसून हसून खाली बसले. तू काहून पळाला, म्हणून धम्मदीपवर ओरडलो. म्हणे, तुम्हीच म्हटलं ना सर, सगळ्यांनी. मंग तो पोलमागं जाऊन ओकला, अन् नंतर एक बॉल सोडला नाही. दोन-एकनं जिंकलो. ट्रेनिंग कोणाचं? माझं!

तेच सांगाले मधुकररावकडे गेलो. ते सगळ्यांसमोर म्हणाले, चार मॅच झाल्या, दरवेळी सुरुवातीले ग्राउंडवर नसणारा माणूस एकच आहे, अन् तोच पोरायले भेकड म्हणते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१३ जानेवारी
शाळा. पी.टी.चे दोन पिरियड.

संघपालचा फोन आला. वाटलं, माझ्याबिगर अडलं यांचं. थोडा भाव खाल्ला. म्हणे, रविवारी मॅच पाहाले नक्की या सर, सगळ्या पोरायची इच्छा आहे. मंग म्हणे, फक्त दहा मिनिटं झाल्यावर या.

हो म्हटलं.